कुरडयांवरची पाकोळी

पाकोळीचा, म्हणजे छोट्या वटवाघळाचा, आवाज माणसाला ऐकू येत नाही. हे मी कर्वेनगरच्या त्या स्टुडिओत इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच माझा कंटाळा आला. स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याच्या तळमजल्यावरची खोली. भिंतींना काळा फोम, आणि एसी बंद, कारण एसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. त्यात एप्रिल महिना. मी आत घामानं निथळतोय आणि काचेपलीकडून डबिंगचे सर हेडफोनमध्ये म्हणतायत, "छान आहे रे. पण अजून थोडं पाकोळीसारखं कर ना."

"सर, पाकोळीसारखं म्हणजे कसं?"

"ते मी सांगू? मिमिक्री आर्टिस्ट कोण आहे आपल्यात?"

"सर, तिचा आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानाला कळतच नाही. स्क्रिप्टमध्येच लिहिलंय, पान दोन."

"मग जरा बारीक काढ."

हे असं. काम काय होतं, तर परदेशात कुणीतरी एक कार्टून केलेलं. किडे खाणाऱ्या जंगली पाकोळ्यांमध्ये रेबीज कसा पसरतो, या विषयावर. मुलांसाठी. कुठल्या मुलांना झोपताना हे बघायचं असतं, देव जाणे. ते मराठीत डब करायचं होतं आणि सगळे आवाज मीच काढायचे होते, कारण चार माणसं बोलावण्यापेक्षा एक नकल्या बोलावलेला परवडतो. स्क्रिप्ट इंग्रजीतून मराठीत आणलेली, पण आणणारा माणूस मराठी वाटेत कुठंतरी विसरून आला होता. पहिलंच वाक्य होतं, "नमस्कार, मी एक कीटकभक्षी वटवाघूळ आहे आणि मला तुमच्याशी एक गंभीर संभाषण करायचे आहे."

असं कोण बोलतं? वटवाघूळ तरी बोलेल का?

मग मी ते माझ्या पद्धतीनं बोलायला लागलो. पाकोळ्यांची आजी होती, तिला मी आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचा आवाज दिला. म्हणजे प्रत्येक वाक्य संपताना छडी आपटल्यासारखं. "एका फटीत शंभर जणी राहायचं म्हटल्यावर ढकलाढकली होणारच! पण चावायचं नाही! चावलं की लाळ जाते, आणि लाळेतून तो जातो!" आजारी पाकोळीला दिला आमच्या फ्लॅटमधल्या एका पार्टनरचा आवाज, जो सर्दी झाली तरी मृत्युपत्र करायला बसतो. आणि खुद्द विषाणू. त्याच्याबद्दल सरांचं म्हणणं होतं की व्हिलनसारखं हसव. मी हसवलं नाही. चौकाचौकात ज्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ना, तसले भाऊ असतात बघा, गोड, हळू बोलणारे, कायम हात जोडलेले. त्यांच्या आवाजात मी विषाणू केला.

"आम्हाला काय हो, एक कोपरा द्या फक्त. थंडीत तुमचं अंग गार पडतं, तुम्ही निजता. आम्हीपण निजतो तुमच्यासोबत. घाई नाय. कार्यकर्त्याला थांबता आलं पाहिजे. उन्हाळ्यात बाळंतपणं होतात, नवीन पोरं येतात. आईच्या दुधाची पुण्याई संपली की पोरं आपलीच की."

सर काचेपलीकडे हसून हसून खुर्चीवरून घसरले. मला बरं वाटलं. पुढं जे झालं ते या हसण्यामुळंच झालं असं माझं ठाम मत आहे, पण ते कुणी ऐकून घेत नाही.

माझी मावशी बिबवेवाडीत राहते. आईची धाकटी बहीण. लग्न होऊन पुण्यात आली त्याला इतकी वर्षं झाली की आता ती भाजीवाल्यालासुद्धा "आपण" म्हणते. चिडली की मात्र वऱ्हाडी बाहेर येते. काका, म्हणजे तिचे मिस्टर, खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. जन्म सगळा तिथल्या क्वार्टरमध्ये गेला. रिटायर झाल्यावर बिबवेवाडीत या बिल्डिंगमध्ये आले. दोघंच असतात. मी दर रविवारी जेवायला जातो. प्रेमापोटी जातो, पण मेसला रविवारी सुट्टी असते हेही खरं आहे.

त्या रविवारी दार उघडताच मावशी म्हणाली, "ये. विचार तुझ्या काकांना. कुरडया बाटवून ठेवल्या त्यांनी."

गच्चीवर वाळवण होतं. दर उन्हाळ्यात मावशी गव्हाचा चीक शिजवते आणि जुन्या साडीवर कुरडया घालते, आणि काका डोक्यावर टोपी घालून, हातात काठी घेऊन कबुतरांवर पहारा देतात. कारखान्याच्या गेटवर असतात तसा पहारा. कबुतरालासुद्धा वाटावं की पास दाखवायला पाहिजे.

"काय झालं काका?"

"काही नाही रे. शुक्रवारी दुपारी एक वटवाघूळ पडलं कुरडयांवर. वटवाघूळ म्हणजे, पाकोळी. छोटी. अंगठ्याएवढी."

मी चप्पल काढत होतो. एकच काढलेली होती.

"दुपारी? उन्हात?"

"भर उन्हात. पंख फाकवून पडली होती बिचारी. आपल्या दोन विंगच्या मधे ती फट आहे ना, तिथं राहतात त्या. संध्याकाळी बाहेर पडतात बघ धुरासारख्या. म्हटलं चुकून पडली असेल. उचलली."

"कशानं उचलली?"

"कशानं म्हणजे? हातानं."

"आणि?"

"आणि काय, चावली." काकांनी उजव्या हाताची तर्जनी पुढं केली. नखाच्या बाजूला दोन ठिपके. पेनाची टोकं टेकवावीत एवढेच. त्यावर पिवळं काहीतरी वाळलं होतं.

"हे काय आहे?"

"हळद लावली मी," मावशी म्हणाली. "आणि थोडा चुना. तू आधी आत ये ना, दारात काय चौकशी लावली आहे."

"साबणानं धुतलं का?"

"भांडी घासली की मी नंतर. त्यात हात धुतलाच गेला की," काका म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण ऐक ना, पुढचं ऐक. ती जिवंत होती. मग मी काय केलं, काठीच्या टोकाला तिला लटकवलं आणि कठड्यावरून काठी त्या फटीला लावली. दहा मिनिटं तसाच उभा होतो, हात भरून आला. शेवटी गेली चालत आत. सोडून आलो घरी तिला."

म्हणजे कसं आहे बघा. जगात ज्या एका विषयावर मी नुकताच आठवडाभर घाम गाळून बोललो होतो, त्या विषयात जे जे करू नये म्हणून पान दोन ते पान अकरा लिहिलेलं होतं, ते सगळं माझ्या काकांनी एका दुपारी, टोपी घालून, नीट शिस्तीत केलं होतं. दिवसा पडलेली पाकोळी उघड्या हातानं उचलली. चावून घेतली. धुतलं नाही. आणि ती आजारी असेल तर तिला परत नेऊन बाकीच्या शंभर जणींच्या मधे बसवून आले. उन्हाळ्यात. पिल्लांच्या दिवसांत.

"काका," मी म्हटलं, "आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय. रेबीजचं इंजेक्शन घ्यायला."

मावशी हसली. काका हसले. मी पण हसतो का ते बघायला दोघं थांबले.

"मी मस्करी करत नाहीये."

"हा कुणाचा आवाज?" मावशीनं विचारलं. "टीव्हीवरच्या त्या बातम्यावाल्याचा ना?"

इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. कारण अडचण अशी होती की मला ती माहिती पाठ होती, पण आवाजांसकट पाठ होती. सुटी अशी ती माझ्याजवळ नव्हतीच. मी काकांना समजावायला लागलो की फटीत एकमेकींना चिकटून राहतात, जागेवरून भांडतात, चावतात, आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या तोंडातून मराठीच्या बाई निघाल्या. "चावायचं नाही! चावलं की लाळ जाते!" काकांनी टाळी दिली. मी स्वतःला आवरलं, पुन्हा सुरुवात केली. म्हटलं, विषाणू हळूहळू नसांमधून वर मेंदूकडं जातो, त्याला घाई नसते, आणि "घाई नसते" म्हणताना भाऊ आले. हात जोडून आले.

"आई गं," मावशी पोट धरून म्हणाली. "परत कर ना ते. कार्यकर्त्याचं."

"मावशी, काका मरतील!"

"तोंड सांभाळ हं," मावशी एकदम म्हणाली. "जेवायच्या वेळेला काय बोलून रायला."

मी जेवलो. काय करणार. आंब्याचा रस होता. आणि तळलेल्या कुरडया होत्या, त्या मावशीनं फक्त माझ्या ताटात वाढल्या. पाकोळी पडली त्या बाजूच्या होत्या. "तुम्ही मुलं बाहेरचं काहीही खाता, तुम्हाला काही होत नाही," ती म्हणाली. मी तिच्याकडं बघत राहिलो. बोटाची काळजी शून्य आणि कुरडयांची एवढी. (कुरडई मी बाजूला ठेवली. तळल्यावर त्यात काही उरत नाही हे मला कळतं, पण मी रागावलो होतो.)

जेवण झाल्यावर आईला फोन लावला. म्हटलं मोठ्या बहिणीचं ऐकेल मावशी. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले किती वेळा सांगतलं, मोठ्या माणसाची अशी गंमत करू नोको. मागं मामाले बँकेचा साहेब बनून फोन केला, तं त्याचं बीपी वाढलं होतं."

"आई, ही गंमत नाही."

"तवाही तू हेच म्हणला होता."

तेवढं खरं होतं. पण म्हणून काय माणसानं एकदा पोरगं खोटं ठरवलं की कायमचंच?

संध्याकाळी काकांना बिबवेवाडीतल्याच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेण्यात मला यश आलं, ते पण बीपीची गोळी संपली होती म्हणून. डॉक्टर भले गृहस्थ, पेशंट पण रांगेत बरेच. त्यांनी बोट बघितलं, म्हणाले, "पाकोळी ना? आपल्याकडं रेबीज कुत्र्यानं होतो. पाकोळ्यांचं ते अमेरिकेत. धनुर्वाताचं घ्या आणि घरी जा." काकांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी कारखान्यात खोटा भोंगा वाजवणाऱ्या एखाद्या कामगाराकडं टाकत असतील.

"झालं समाधान?" रस्त्यानं चालताना ते म्हणाले.

"नाही."

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?"

"नाही कळत काका. पण त्यांनी नक्की नाही असंही म्हटलं नाही. ते अमेरिकेत म्हणाले. पाकोळीला अमेरिका कळते का?"

काका दोन पावलं पुढं गेले. मग म्हणाले, "आता भाऊंच्या आवाजात बोल हे."

सोमवारी मी शेवटचा डाव टाकला. दुपारी काकांना फोन केला, आवाज जाड केला, सरकारी, तोंडात पान असल्यासारखा. "हॅलो, महापालिकेच्या आरोग्य विभागातून बोलतोय. तुमच्या भागात पाकोळी चावल्याची खबर आहे. ताबडतोब इंजेक्शन घेऊन टाका."

"हो साहेब," काका म्हणाले. "नक्की साहेब. येताना कोथिंबीर आणा, मावशीनं सांगितलंय."

आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी मी काम सोडून गेलो. मी गंमत करत नाहीये हे सिद्ध करायला माझ्याजवळ आता एकच उपाय होता, तो म्हणजे बोलायचंच नाही. मी मावशीच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलो आणि गप्प बसलो. चहा आला, घेतला, गप्प. मावशीनं विचारलं काय झालं, गप्प. अर्ध्या तासात तिचा जीव कासावीस झाला. मी गप्प बसलेला तिनं जन्मात बघितला नव्हता.

"अहो," ती आत जाऊन काकांना म्हणाली, "याचं काहीतरी बिनसलंय. जा बाई याच्यासोबत एकदाचं. नायतर हा असाच बसून राहील माझ्या डोक्यावर."

काका शर्ट घालून आले. "चल. पण मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कशाला बोलायचंय?"

कशाला, ते खिडकीवर गेल्यावर कळलं. सरकारी दवाखान्याची रांग. केसपेपर काढणाऱ्या बाईंनी वर न बघता विचारलं, "कुत्रा का मांजर?"

"पाकोळी," काका म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. "काय?"

"पाकोळी. छोटं वटवाघूळ."

"इथं कुत्रा, मांजर, माकड आहे. कुत्रा टाकू?"

"नाही. कुत्रा चावलेला नाही."

मी काकांच्या कानात म्हटलं, "काका, कुत्रा म्हणा. इंजेक्शन तेच आहे."

"तुला माहितीय कारखान्यात काय शिकवलं आम्हाला? बोटाला पाना लागला तर पानाच सांगायचा. पत्रा लागला म्हणायचं नाही. पत्रा म्हटलं की उद्या सगळे पत्रा बघत बसतात आणि पाना तसाच राहतो. मी कुत्रा म्हणणार नाही."

"काका, हा कारखाना नाहीये."

"म्हणून बोटं तुटतात."

मागं एक माणूस होता, पोटरीला रुमाल बांधलेला. तो म्हणाला, "आजोबा, म्हणून टाका ना कुत्रा. हवं तर आमचा घ्या. आमच्या गल्लीत भरपूर आहेत."

"बाकीचे प्राणी चावतच नाहीत का?" काकांनी खिडकीला विचारलं. "उद्या माणूस माणसाला चावला तर?"

"तर चौकी शेजारी आहे," बाई म्हणाल्या. "पुढचा."

मी म्हणजे, मला वाटलं तिथंच फरशीवर बसकण मारावी. रेबीज झाला की इलाज नाही, हे जगातल्या प्रत्येक डॉक्टरला माहिती आहे. इंजेक्शन आतल्या फ्रिजमध्ये आहे. दंड माझ्या शेजारी आहे. दोघांच्या मधे फक्त कुत्रा हा एक शब्द आहे, आणि तो माझे काका तत्त्वासाठी उच्चारायला तयार नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याला उडवायची दारू भरली, त्याला एका कुत्र्यावर खोटा आळ घ्यायचा नव्हता!

शेवटी बाईंनीच वैतागून केसपेपरवर "इतर" असं काहीतरी खरडलं आणि आम्हाला आतल्या डॉक्टरांकडं ढकललं. म्हणाल्या, "त्यांनाच सांगा तुमची पाकोळी."

आत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. माझ्याच वयाच्या असतील. डोळ्यांखाली काळं, समोर गार झालेला चहा. त्यांनी बोट हातात घेऊन उजेडाकडं वळवलं. "कधी चावली?"

"शुक्रवारी," काका म्हणाले. "पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आपल्याकडं पाकोळीनं होत नाही. या मुलाच्या समाधानासाठी आलोय."

"तुम्हाला का वाटतं द्यावं?" डॉक्टरांनी मला विचारलं. थट्टा नव्हती. खरंच विचारत होत्या.

मी तोंड उघडलं आणि मला घशात मराठीच्या बाई आलेल्या जाणवल्या. त्यांच्या मागं भाऊ उभे होते. मी तोंड मिटलं. मग जे निघालं ते हळू निघालं, थोडं चिरकं, मधे मधे अडकत.

"ती दुपारी पडली होती. त्या दिवसा बाहेर येत नाहीत. उन्हानं चक्कर येऊन पण पडली असेल, मला माहिती नाही. पण आजारी झाली की पण अशीच पडते, उडता येत नाही. आणि यांना चावली. त्यांच्यात पसरतो तो चावण्यानंच. दाटीनं राहतात, त्यात आता पिल्लांचे दिवस आहेत, जास्त गर्दी. सगळ्याच मरत नाहीत. बऱ्याच जणी बऱ्या होतात म्हणे, म्हणून वस्ती संपत नाही आणि तोपण संपत नाही. त्यातली ही कुठली होती ते आता कळणार नाही, कारण काकांनी तिला परत आत सोडली. मला एवढंच माहिती आहे. आणि ते पण एका कार्टूनमधून. ते इथलं नव्हतं, तिकडच्या पाकोळ्यांचं होतं."

काका माझ्याकडं वळून बघत होते.

"हा कुणाचा आवाज काढतोयस?" त्यांनी विचारलं.

"माझाच आहे काका."

मला वाटतं त्यांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता. खरं सांगायचं तर मी पण.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही. आपल्याकडच्या पाकोळ्यांमध्ये हा आजार आहे, असं अजून पक्कं कुणी दाखवलेलं नाही. पण नाहीच, असंही मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. फारसं कुणी शोधलेलंच नाही. दिवसा खाली पडलेली, चावलेली, तपासायला हातात नाही. मी देणार. वाट बघून कळेल असा हा आजार नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

मग त्यांनी काकांना कोपऱ्यातल्या नळाखाली उभं केलं आणि साबण लावून बोट धूत राहायला सांगितलं. मावशीची हळद वाहून गेली, चुना खरवडून निघाला. काका पाण्याच्या धारेकडं बघत उभे होते. बराच वेळ. मग मान न वळवता म्हणाले,

"डॉक्टर, मग त्या आतल्यांचं काय?"

"कुठल्या आतल्या?"

"फटीतल्या. मी तिला परत ठेवली ना. तिला ते असेल तर मग मी..." ते थांबले. "तिथं पिल्लं आहेत. मोठ्यांचा आवाज येत नाही, पण यांची चिवचिव ऐकू येते आम्हाला दुपारची, कठड्यापाशी कान लावला की."

म्हणजे बघा! चार दिवस या माणसानं स्वतःच्या जिवाची एक चौकशी केली नाही, आणि आता साबण लावलेल्या हातानं पाकोळ्यांच्या पोराबाळांची विचारपूस चालली होती. माझ्या तोंडावर आलं होतं की काका, आधी दंड वर करा. पण त्यांचा चेहरा बघून बोललो नाही. मी आणि न बोलणं, आठवड्यात दुसऱ्यांदा.

डॉक्टरांनी नळ बंद केला. "त्यांचं त्या बघतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसता ठेवली तरी ती तिथूनच आली होती ना? जे काही असेल ते तिच्या आधीपासून तिथं असेल. फट बुजवू नका आत्ता, पिल्लं आत अडकतील. आणि यापुढं हात लावायचा नाही. जाड कापड, पुठ्ठ्याचा खोका, आणि फोन."

"कुणाला फोन?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "आधी याला करा," त्या माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या.

दंडातल्या सुया काकांनी हूं की चूं न करता घेतल्या. पण दुसरं एक औषध जखमेतच टोचायचं असतं, ते बोटाच्या टोकाला, नखापाशी टोचलं. तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस असा ओरडला की पोटरीला रुमाल बांधलेला तो माणूस रांगेतून आत डोकावला. "पाकोळी का?" त्यानं विचारलं आणि आपला रुमाल घट्ट धरून परत गेला.

पुढच्या प्रत्येक डोसाला त्यांना मी नेलं. प्रत्येक वेळी नवीन कारण. एकदा त्यांची चतुर्थी होती, एकदा प्लंबर येणार होता, एकदा "परवा दंड जरा दुखत होता, म्हणजे औषध पोचलं, आता कशाला." मावशी तोवर पूर्ण माझ्या बाजूची झाली होती. अति झाली होती. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला ती गाठून सांगायची की पाकोळी दिसली तर हात लावू नका, आणि सांगताना मधेच थांबून म्हणायची, "आमचा पोरगा ते काय छान करून दाखवतो, थांबा, त्यालाच बोलावते." मग मला आठ बायकांसमोर गच्चीवर उभं करायची. मी गंभीरपणे सांगायला लागलो की त्या म्हणायच्या, "असं नाही, भाऊंचं कर."

सोसायटीचे चेअरमन फट सिमेंटनं बुजवायला निघाले होते. काका काठी घेऊन फटीसमोर खुर्ची टाकून बसले. पावसाळा लागून पिल्लं उडायला लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, म्हणाले. चेअरमन म्हणाले, तुम्हालाच चावली ना हो? काका म्हणाले, चावली मला. तुम्हाला चावली की बोला.

शेवटचा डोस झाला त्या दिवशी स्कूटरवरून परत येताना काका मागं बसले होते. बिबवेवाडीच्या चढाला मला म्हणाले, "एक सांगू का?"

मला वाटलं आता आभार मानतील. मनातल्या मनात मी तयारी पण केली, नाही नाही काका, त्यात काय एवढं, वगैरे.

"सांगा ना."

"झालं का काही मला?"

"म्हणजे?"

"रेबीज. झाला का?"

"नाही झाला."

"मग!" काका म्हणाले. "उगाच एवढी भोकं पाडलीस दंडाला. मी म्हणत होतो ना काही होत नाही म्हणून."

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. मागून हॉर्न वाजले, एका रिक्षावाल्यानं माझी आई काढली. मी मागं वळून काकांना म्हटलं, "काका, नाही झाला म्हणजे... अहो, होऊ नये म्हणूनच तर... तुम्ही... काका!"

"ओरडतोस कशाला. साध्या आवाजात बोल."

मी साध्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. आला नाही. मग समोर बघितलं आणि गिअर टाकला. ते घरापर्यंत मागून बोलत होते. डॉक्टर लोक कसे घाबरवतात, सुई कशी बोथट होती, आमच्या वेळी असं काही नव्हतं. मी आरशात बघितलं. धडधाकट, लालबुंद, हातवारे करणारे काका. बोलू दे म्हटलं. अजून वीस वर्षं असंच डोकं खाऊ दे.